एक जूनचे आजोबा आणि तिरण्हु डोंगरावरचं व्याज: वर्गात अस्सल साधनं कशी वापरायची

सहावीला ‘इतिहासाची साधने’, सातवीला ‘इतिहासाची साधने’, आठवीला आणि नववीला पुन्हा तोच धडा, तोही पुस्तकाच्या सुरुवातीलाच. भौतिक, लिखित, मौखिक, पुढे दृक्-श्राव्य. झोपेतून उठवून विचारलं तरी मुलं ही यादी घडाघडा म्हणतात. जून-जुलैत यादी पाठ होते आणि मग मार्चपर्यंत वर्गात एकही साधन येत नाही. मीही नाशिकमध्ये बरीच वर्षं असंच शिकवलं. पोर्शन पुरा करायचा असतो, तासिका पस्तीस मिनिटांची, त्यात हजेरीची पाच जातात. सगळं खरं आहे. पण आपल्या गावासारखं गाव शोधून सापडायचं नाही. पाच-दहा किलोमीटरच्या आत दोन हजार वर्षांपूर्वीचे कोरीव लेख, पेशवाईतले वाडे, काळारामाचे चार दरवाजे आणि पुराचं पाणी मोजणारा मारुती. हे सगळं सोडून आपण पुस्तकातल्या दुसऱ्या कुठल्या तरी शिलालेखाचा टपालतिकिटाएवढा फोटो दाखवतो.

मी आता वर्षात चार-पाच तासिका अस्सल साधनांना देतो. जास्त नाही. कशा देतो, काय फसलं आणि काय जमलं ते क्रमाने सांगतो.

सुरुवात घरच्या कागदापासून

शिलालेखापासून सुरुवात करू नका. मुलांना वाटतं, साधन म्हणजे म्हाताऱ्या दगडावरचं काहीतरी, आपल्याला न कळणारं. पहिली तासिका जन्मतारखेची घ्या.

आदल्या दिवशी मुलांना सांगायचं: घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या आजी-आजोबांची कागदावरची जन्मतारीख पाहून या. आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, पेन्शनचं पुस्तक, काहीही चालेल. चिठ्ठीवर फक्त दिवस आणि महिना लिहायचा. नाव नाही, आडनाव नाही. ‘किंवा शेजारच्या’ हे शब्द मुद्दाम म्हणा, कारण वर्गात एखादं तरी मूल असं असतं की ज्याच्या घरी आजी-आजोबांचा विषय काढणं अवघड असतं.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर बारा महिन्यांचे बारा रकाने आखायचे आणि एकेकाने येऊन चिठ्ठी चिकटवायची. दहा मिनिटांत चित्र दिसायला लागतं. बाकीच्या महिन्यांत दोन-दोन, तीन-तीन चिठ्ठ्या, आणि जूनचा रकाना खाली खडू ठेवायच्या पट्टीपर्यंत पोचलेला. जवळून पाहिलं तर जवळपास सगळ्या चिठ्ठ्यांवर १ जून.

मग शांतपणे विचारायचं, “काय रे, तुमच्या आजोबांच्या वेळी बाळं एकाच दिवशी जन्माला यायची का?”

वर्ग हसतो. हसून झालं की तर्क सुरू होतात. कोणी म्हणतं जून शुभ असेल. कोणी म्हणतं कॉम्प्युटरने चूक केली. शेवटी कोणीतरी आजोबांकडून ऐकलेलं सांगतं, की शाळेत घालायला नेलं तेव्हा तारीख कोणालाच माहीत नव्हती, गुरुजींनीच अंदाजाने लिहिली. शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय बसायला हवं, म्हणून १ जून.

इथे थांबून तासिकेतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न विचारा: मग हा दाखला खोटा आहे का? अर्धा वर्ग ‘हो’ म्हणतो. पण त्यावर शिक्का आहे, मुख्याध्यापकांची सही आहे, कागद जुना आहे. कागद अस्सल आहे, त्यातली एक माहिती चुकीची आहे. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांना एकदा कळलं की निम्मं काम झालं. पुढचा प्रश्न त्याहून मजेचा: जन्मतारखेसाठी हा कागद कुचकामी असेल, पण मग कशासाठी तो पक्का पुरावा आहे? त्या काळी गावात जन्माची नोंद नीट होत नव्हती याचा. शाळाप्रवेशाला वयाची अट होती याचा. गुरुजींच्या शब्दाला किती वजन होतं याचाही.

एखादी मुलगी सांगते, “सर, आजी म्हणते ती पोळ्याच्या आदल्या दिवशी झाली.” वर्ष नाही, पण दिवस आहे. कागदावर वर्ष आहे, दिवस बनावट. दोन्ही शेजारी ठेवले तर? बस, इथे तासिका संपवा. उत्तर देऊ नका.

शाळेचं जनरल रजिस्टर वर्गात आणायचा मोह होईल. त्यात जातीचा रकाना असतो, लोकांची नावं असतात. मुख्याध्यापकांच्या परवानगीने, नावं आणि जात झाकून एखाद्या पानाची झेरॉक्स दाखवता येते. मूळ रजिस्टर मुलांच्या हातात नको.

चार प्रश्न, वर्षभर भिंतीवर

पहिल्या तासिकेनंतर मी एका कार्डशीटवर चार प्रश्न लिहून भिंतीला लावतो. हे कोणी केलं? घटना घडली तेव्हाच, की नंतर? कोणी वाचावं म्हणून? यात काय नाही?

पहिले तीन मुलांना लवकर जमतात. चौथा जमायला वर्ष जातं, आणि खरं शिकणं तिथेच होतं.

उतारा निवडणं आणि कापणं

माझा पहिला प्रयोग पूर्ण फसला. १८८३ साली निघालेला नाशिक जिल्ह्याचा गॅझेटिअर माझ्या हाती लागला होता. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर मालिकेतला हा सोळावा खंड. पिकं, बाजार, जाती, रस्ते, लेणी, काय नाही त्यात! मी हरखून दोन सबंध इंग्रजी पानांच्या झेरॉक्स काढल्या आणि आठवीच्या वर्गात वाटल्या. पंधराव्या मिनिटाला मागच्या बाकावर कागदाची विमानं तयार झाली. दोष मुलांचा नव्हता.

तेव्हापासून उतारा सहा ते आठ ओळींचा. मूळ इंग्रजी, मोडी किंवा प्राकृत असेल तर शेजारी सोपा मराठी अर्थ, पण मूळही ठेवायचं. मुलांना ते वाचता आलं नाही तरी हा अर्थ कुठून तरी आला आहे, हे दिसलं पाहिजे. मधला भाग गाळला तर तिथे टिंबं द्या आणि गाळल्याचं वर्गाला सांगा. सोपं करताना लिहिणाऱ्याचा सूर बदलू नका. साहेबाने तुच्छतेने लिहिलं असेल तर मराठीतही ती तुच्छता दिसू द्या. उतारा कुठून घेतला ते खाली एका ओळीत.

दोघांत एक प्रत द्या. पैसे वाचतात हे आहेच, पण एकाच कागदावर दोन डोकी वाकली की बोलणं सुरू होतं. प्रत्येकाला स्वतंत्र कागद मिळाला की वर्ग चिडीचूप होतो आणि आपल्याला उगाच वाटतं की अभ्यास चाललाय.

आणखी एक. साधन आधी, धडा नंतर. धडा शिकवून झाल्यावर ‘आता हे पाहा बरं’ म्हणून उतारा दिला तर मुलं त्यात फक्त पुस्तकातलं उत्तर शोधतात.

लेण्यातली पहिली ओळ

आता दगडाकडे. पांडवलेणी म्हणजेच त्रिरश्मी लेणी, एकूण २४. सगळ्यात सोपा लेख १९व्या लेण्यातला. तो मी फळ्यावर देवनागरीत लिहितो:

सादवाहनकुले कन्हे राजिनि नासिककेन समणेन महामातेण लेण कारित

काहीही न सांगता दोन मिनिटं द्या. “सर, हे मराठीच आहे की!” असा आवाज येतोच. कुले कळतं. राजिनि म्हणजे राजा असताना, हे थोडं सुचवावं लागतं. कन्हे म्हणजे कान्हा, कृष्ण. नासिक तर उघडंच आहे. महामात म्हणजे महामात्र, मोठा अधिकारी. लेण कारित म्हणजे लेणं करवलं. सातवाहन कुळातला कृष्ण राजा असताना नाशिकच्या महामात्राने हे लेणं करवलं. दोन हजार वर्षांपूर्वीचं वाक्य आठवीतल्या मुलांनी शिक्षकाच्या मदतीशिवाय निम्मं लावलं, याचा परिणाम त्यांच्या चेहऱ्यावर पाहण्यासारखा असतो.

इथे दोन प्रश्न हमखास येतात. एक, नाशिकचं नाव शूर्पणखेच्या नाकावरून पडलं ना? आणि दोन, पांडव कुठे आहेत? पहिल्याला मी सांगतो, की कथा लोकांनी जपलेली आहे आणि तिचा इतिहास वेगळा शोधायचा. हा लेख आपल्याला एवढंच सांगतो की तो कोरला तेव्हा गावाचं नाव नासिक होतं. दुसऱ्यासाठी मुलांनाच कामाला लावतो. लेण्यांतल्या लेखांचे अर्थ देतो आणि पांडव शोधायला सांगतो. सापडत नाहीत. डोंगराचं नाव मात्र सापडतं: तिरण्हु. मग पांडव कधी आले, कोणी आणले, हा प्रश्न वहीत लिहून ठेवतो.

लेखांचे पाठ कुठे मिळतात? एमिल सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात नाशिकचे लेख इंग्रजी अर्थासह छापले आहेत आणि तो खंड इंटरनेटवर आहे. मराठीत वा. वि. मिराशींनी सातवाहन आणि क्षत्रपांच्या लेखांवर केलेलं काम चांगल्या ग्रंथालयात मिळतं; आपल्याकडे १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहेच.

उषवदाताचं व्याज

माझी सगळ्यात आवडती तासिका ही. गणिताच्या शिक्षकांना बरोबर घेता आलं तर सोन्याहून पिवळं.

दहाव्या लेण्यात उषवदाताचा लेख आहे. हा नहपानाचा जावई; नहपान म्हणजे क्षहरात या शक घराण्यातला क्षत्रप, सुभेदारासारखा सत्ताधीश. लेखातल्या ४२ या वर्षी त्याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि संघाच्या खर्चासाठी ३००० कार्षापण, म्हणजे तेव्हाची नाणी, ठेवली. ठेवली कुठे? गोवर्धनातल्या श्रेणींकडे. गोवर्धन म्हणजे नाशिकशेजारचंच ठाणं, आणि श्रेणी म्हणजे कारागिरांचे संघ. २००० कार्षापण एका कोलिक निकायाकडे (निकाय म्हणजेही संघच), व्याज ‘पडिकसत’, म्हणजे शेकडा एक. १००० दुसऱ्या कोलिक निकायाकडे, व्याज ‘पायुनपडिकसत’. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्यात मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण, चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी.

पहिलं काम शब्दांचं. ‘पायुन’ फळ्यावर लिहून मोठ्याने वाचायला लावा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला कोणीतरी ओरडतं, “पाऊण!” अगदी बरोबर. शेकडा पाऊण. ‘कोलिक’ला मात्र मुलं फसतात आणि कोळी म्हणतात. गोदावरी जवळ आहे, मासे आहेत, तर्क वाईट नाही. पण कोलिक म्हणजे विणकर. सारखा दिसणारा शब्द सारख्याच अर्थाचा असेल असं नाही, हा धडा इथे फुकटात मिळतो.

दुसरं काम हिशेबाचं. शेकडा एक व्याज आहे, पण कशाला? महिन्याला की वर्षाला? लेखात ‘दरमहा’ हा शब्द नाही. मुलांना हे सांगू नका, विचारा. जोड्यांना पाच मिनिटं द्या.

जे वर्षाला धरतात त्यांचं उत्तर असं येतं: २००० वर शेकडा एक म्हणजे २०. वीस भिक्षूंना वाटले तर एकेकाला एक. पण लेखात तर बारा म्हटलंय. अडलं. मग कोणीतरी महिन्याला धरून बघतं: महिन्याला २०, वर्षाला २४०, वीस जणांत वाटले तर बरोबर १२. दगडावर न कोरलेला शब्द मुलांनी दगडावर कोरलेल्या आकड्यांतून शोधून काढला. अभ्यासकांनी व्याज दरमहा धरलं, त्यालाही हाच हिशेब आधार देतो. यापेक्षा चांगलं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही.

वेळ उरला तर दुसऱ्या ठेवीचं व्याज काढायला सांगा. १००० वर दरमहा पाऊण टक्का म्हणजे साडेसात, वर्षाला ९०. मग चर्चा: एकाच गावात दोन विणकर संघांचे दर वेगळे का? उषवदाताने सगळे पैसे जास्त व्याज देणाऱ्याकडेच का नाही ठेवले? इथे बरोबर उत्तर कोणाकडेच नाही. मुलं पतसंस्थांची उदाहरणं देतात. एकदा एकाने “एकाच टोपलीत सगळी अंडी ठेवू नये, आमचे पप्पा म्हणतात,” असं सांगितलं. चालू द्या, पण ‘हा आपला अंदाज’ असं फळ्यावर वेगळ्या रकान्यात लिहा. पुरावा एका बाजूला, अंदाज दुसऱ्या बाजूला.

तिसरं काम चार प्रश्नांचं. लेख कोणासाठी कोरला? व्यवहार निगमसभेत, म्हणजे नगराच्या सभेत, ऐकवला आणि फलकावर नोंदवला, असंही लेख सांगतो. म्हणजे मूळ नोंद दुसरीकडे होती, ती गेली; ही तिची दगडावरची प्रत.

प्रत्यक्ष लेण्यांवर

हे सगळं वर्गात झाल्यावरच सहल काढा. आधी नेलं तर मुलं सेल्फी काढून परत येतात.

लेणी शहरापासून आठेक किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत, पायथ्याला फाळके स्मारक. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या होतात, एप्रिलमध्ये ऊन मारतं. डिसेंबर-जानेवारीतली सकाळ उत्तम. स्मारक भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, तरी शाळेचं पत्र आणि ओळखपत्रं बरोबर ठेवा. पाणी भरपूर न्या.

वीस-पंचवीसच्या वर मुलं एका वेळी एका लेण्यात नकोत. तिसऱ्या आणि दहाव्या लेण्यात दोन गट, मग अदलाबदल. बाकीची लेणी उरलेल्या वेळात. चोवीसच्या चोवीस दाखवायचा हट्ट केला की एकही पाहून होत नाही.

अक्षरं वाचायची युक्ती: टॉर्च अक्षरांवर सरळ मारू नका. भिंतीच्या कडेने, तिरपा धरा. खाचांमध्ये सावली पडते आणि सपाट वाटणाऱ्या दगडातून ओळ उठून येते. त्या वेळी मुलं जो आवाज काढतात तो ऐकायलाच मी दर वर्षी जातो. अक्षरांना हात लावायचा नाही. खडू, पीठ, पाणी काही फासायचं नाही. काही ठिकाणी आधीच्या पाहुण्यांनी आपली बदामी नावं कोरून ठेवली आहेत. ती दाखवा आणि विचारा, हेही साधनच ना? कशाचं?

दहाव्या लेण्यात एक छोटा लेख चुकवू नका. उषवदाताच्या बायकोचा, दक्षमित्रेचा. ती स्वतःची ओळख नहपानाची ‘दिहितु’ आणि उषवदाताची ‘कुडुंबिनी’ अशी करून देते आणि एक ‘ओवरक’ दान देते. ओवरक म्हणजे खोली. देवळातली ओवरी आठवते का, विचारा. आणि बायकोला ‘आमचं कुटुंब’ म्हणणारे आजोबा अजून कोणाच्या घरी असतील तर तेही. खोलीच्या दाराशी मुलांना उभं करा आणि आत किती माणसं झोपू शकतील ते पावलांनी मोजायला लावा.

आईने कोरवलेली स्तुती

तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख पाठ्यपुस्तकातल्या वाक्यांमागे उभा आहे. शक, यवन, पल्हवांचा संहार करणारा, क्षहरात वंश निरवशेष करणारा, ज्याची वाहनं तीन समुद्रांचं पाणी प्यायली असा गौतमीपुत्र सातकर्णी. आपण हे गौतमीपुत्राचं वर्णन म्हणून शिकवतो. पहिला प्रश्न विचारून बघा: हे कोणी केलं? आईने. कधी? नातवाच्या, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी. लेखात ती स्वतःला महाराजाची आई आणि महाराजाची आजी म्हणवते. वर्ग लगेच सावध होतो. “सर, माझी आई पण पाहुण्यांसमोर असंच सांगते.”

‘तिसमुदतोयपीतवाहन’ हा शब्द फोडायला द्या. तोय म्हणजे पाणी, एवढी मदत पुरते. एका वर्षी प्रश्न आला, “घोडे खारं पाणी पितात का?” म्हणजे हे शब्दशः घ्यायचं नाही. मग कसं घ्यायचं? राज्य समुद्रापर्यंत होतं, असं तिला सांगायचंय. होतं का? तपासायला दुसरं साधन लागेल.

ते दुसरं साधन नाशिकजवळच आहे. १९०६ साली जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, तेरा हजारांवर नाणी, नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारला होता. नहपानाचा चेहरा खाली, वर चैत्याचं आणि उज्जैनी चिन्ह. हे आईने सांगितलेलं नाही, टांकसाळीने सांगितलेलं आहे. वर्गात चिकणमातीच्या चकतीवर आधी एक बटण दाबायचं, मग त्याच चकतीवर दुसरं. खालचं चित्र पुरतं जात नाही हे मुलं बोटांनी पाहतात. नवीन नाणी न पाडता जुन्यांवरच ठसा का, हा प्रश्न मग आपोआप येतो. खरी नाणी पाहायची असतील तर अंजनेरीच्या नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. आधी फोन करून वेळ ठरवा.

तिसरं साधन गुजरातेतलं, आणि त्याने मजा पूर्ण होते. जुनागढच्या लेखात रुद्रदामन नावाचा क्षत्रप म्हणतो, की दक्षिणापथाचा राजा सातकर्णी याला मी दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून नष्ट केलं नाही. काळ इसवी सन १५० च्या सुमाराचा. म्हणजे क्षहरात घराणं गेलं असेल, पण शक क्षत्रप संपले नव्हते. बलश्रीचा दावा खोटा म्हणायचा का? क्षहरातांपुरता खरा, शकांपुरता फुगवलेला? नववीच्या मुलांना ही बारीक कात्री चालवता येते, सातवीला ‘दोघंही आपणच जिंकलो म्हणतात’ एवढं पुरे.

काळारामाचे दरवाजे

आधुनिक काळासाठी साधन निवडताना हात जपून ठेवावा लागतो. काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला. दांडीयात्रा निघाली ती १२ मार्चला. ही दोन तारखांची जवळीक फळ्यावर काढली तरी मुलं चमकतात, कारण पुस्तकात त्या वेगवेगळ्या धड्यांत असतात. डॉ. आंबेडकर, दादासाहेब गायकवाड, पुढची पाच वर्षं, आणि १३ ऑक्टोबर १९३५ ची येवल्याची धर्मांतराची घोषणा. सगळं आपल्याच जिल्ह्यात.

महाराष्ट्र शासनाने १९८२ साली डॉ. आंबेडकरांच्या चळवळीची मूळ साधनं इंग्रजीत छापली. नाशिकच्या सत्याग्रहाच्या बातम्या आणि सरकारी कागद त्यात आहेत. त्यातून एकाच दिवसाबद्दलचे दोन छोटे उतारे घ्या, एक सरकारी आणि एक वर्तमानपत्री, आणि मराठी करा. मुलांना एकच काम: माणसांसाठी वापरलेले शब्द अधोरेखित करा. जमाव की सत्याग्रही? घुसले की गेले? दरवाजे कोणी बंद केले, की वाक्यात नुसतेच ‘बंद होते’? व्याकरणाच्या तासाला शिकलेला कर्मणी प्रयोग इथे उपयोगी पडतो. कर्ता गाळला की जबाबदारीही गळते.

काही गोष्टी करू नका. या घटनेचं नाटक बसवून अर्ध्या वर्गाला दार अडवणारे आणि अर्ध्याला अडवलेले करू नका. कोण कुठल्या समाजाचा, हा उल्लेख कोणाकडूनही होऊ देऊ नका, कौतुकानेही नाही. आणि ‘तेव्हा असं होतं, आता नाही’ असा समारोप आपण करू नये. एखाद्या मुलाला वेगळं माहीत असतं आणि ते मूल गप्प बसतं.

मंदिराला चार दिशांना चार दरवाजे आहेत. नकाशा काढून मुलांना विचारा, चारही दारांवर रात्रंदिवस बसायचं तर किती माणसं लागतील, जेवण कुठून येईल, शेतातली कामं कोण करेल? सत्याग्रह म्हणजे एका दिवसाची मिरवणूक नव्हती, हे अशा हिशेबातून समजतं.

जॅक्सन प्रकरणाची तासिकाही अशीच शब्दांवर घेता येते. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, शारदा नाटकाचा प्रयोग, आणि नाशिकच्या कलेक्टरवर गोळ्या झाडणारे अनंत कान्हेरे. कलेक्टर जॅक्सन स्वतः इतिहासाचा अभ्यासक होता. खून, वध, हत्या, हौतात्म्य: कोणत्या लेखणीने कोणता शब्द निवडला, एवढंच पाहा. दहावीच्या खाली मी हा विषय घेत नाही.

गंगेचा पूर आणि आजीची मुलाखत

मौखिक साधन म्हटलं की मुलं ओव्या आणि पोवाडे लिहून मोकळी होतात. नाशिकच्या मुलांना पुराचा विषय द्या. गंगेला, म्हणजे आपल्या गोदावरीला, पाणी आलं की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत आलं, यावर सगळं गाव पूर मोजतं. गुडघ्याला, कमरेला, छातीला. ही सुद्धा नोंदच आहे, फक्त फुटांत नाही.

घरातल्या किंवा गल्लीतल्या थोरांना १९६९ च्या पुराबद्दल विचारायला सांगा. जे तेव्हा नव्हते त्यांना २००८ किंवा २०१६. प्रश्न पाचच, आणि त्यातला एकही ‘हो-नाही’चा नको. ‘पाणी कुठवर आलं होतं?’ विचारताना शक्य असेल तर त्या जागी उभं राहून विचारा. जागेवर गेलं की माणसाला जास्त आठवतं. उत्तर जसं बोलले तसंच लिहायचं, शुद्ध करायचं नाही. रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारायचं.

वर्गात सगळ्यांच्या नोंदी नकाशावर मांडल्या की विसंगती दिसतात. एक आजोबा पाणी अमुक दुकानापर्यंत म्हणतात, दुसरे त्याच्याही वर. कोणाचं खरं? वाचनालयातल्या जुन्या वर्तमानपत्रांशी ताडून पाहा. एक प्रश्न मुलं स्वतःच काढतात: गंगापूर धरण १९६५ साली झालं, मग १९६९ ला पूर कसा? भूगोलाचा तास तिथून सुरू करा.

खेड्यातल्या शाळांना पुराऐवजी सातबारा जास्त जवळचा. बाराव्या नमुन्यात पिकांची नोंद असते. आजोबांच्या काळातली बाजरी आणि आताची द्राक्षं किंवा कांदा एकाच गटाच्या दोन उताऱ्यांवर दिसतो. नावं आणि क्षेत्र झाका. भाऊबंदकीचे दावे चालू असतात, आपल्या वर्गामुळे कोणाच्या घरात भांडण नको.

मोडीचं काय, असं विचारणारे भेटतात. मोडी येत नसेल तर अडून बसू नका. गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दप्तरातले निवडक कागद छापील देवनागरीत आहेत, ४५ खंड. गंगापूरला राहिलेल्या गोपिकाबाई पेशवे, राघोबादादांची आनंदवल्ली, हे संदर्भ आपल्या मुलांना ओळखीचे. मोडीचं एखादं पान फक्त बघायला ठेवा.

गुण कसे द्यायचे

आकारिक मूल्यमापनात मी याला पाच गुण ठेवतो. साधन कोणी, कधी केलं ते ओळखलं, दोन. साधनातला एखादा शब्द किंवा आकडा दाखवून उत्तर दिलं, दोन. साधनात काय नाही ते सांगितलं, एक. सुंदर अक्षराला, रंगीत चित्राला गुण नाहीत. पहिल्या वर्षी पालकांची तक्रार येते की उत्तर गाइडमध्ये नाही. गाइडमध्ये नाही म्हणूनच विचारलंय, हे सभेत आधीच सांगून ठेवावं.

तो शेवटचा एक गुण फार कमी मुलांना मिळतो. गेल्या वर्षी उषवदाताच्या प्रश्नाला आठवीतल्या एका मुलीने दोनच ओळी लिहिल्या. पहिलीत आकडेमोड, बरोबर. दुसरीत: “भिक्षूंना दरवर्षी बारा मिळतील असं लिहिलंय, पण हे व्याज विणकरांनी किती वर्षं दिलं आणि त्यांना ते परवडलं का, ते विणकरांनी कुठेच कोरलेलं नाही.” पाचपैकी पाच दिले आणि तो कागद परत न करता माझ्या फाइलला लावला.